मागचा डावा पाय

चिमटा सैल धरायचा. घट्ट धरला तर पाय तुटतो. फार सैल धरला तर डासच फिरतो आणि भलताच पाय हाती येतो.

*

"तूच ओव गं सुई," सासूबाई म्हणाल्या. सुई थोरलीच्या हातात होती. सासूबाई बघत होत्या धाकटीकडे.

*

गोठ्यातला डास गुरांना चावतो. घरातला डास माणसांना चावतो आणि ताप देऊन जातो. दोघे शेजारी ठेवले तर त्यांची आईसुद्धा फसेल.

*

कपाट हलवलं तेव्हा भिंतीवर कपाटाएवढा स्वच्छ चौकोन उरला. त्या चौकोनापुढे यंत्र मांडलं.

*

कानामागून आली आणि तिखट झाली, असं थोरली कुणालाही म्हणाली नव्हती. मनातसुद्धा ती 'कानामागून'पर्यंत येऊन थांबायची.

*

थोरलीने भिंगाखालचा डास चिमट्याच्या टोकाने उताणा केला, मागचा डावा पाय बुडाशी धरला आणि हलका हिसका दिला. पाय सुटला. बाकीचा डास होता तसाच राहिला. पंखावरचा एक खवलासुद्धा हलला नाही. पाय तिने नळीत सोडला, टोपण दाबलं आणि नळी डावीकडे सरकवली.

धाकटी शेजारी उभी राहून बघत होती.

"काय हात आहे तुमचा!" ती म्हणाली. "मी ओढला असता तर पायाबरोबर अख्खा डास आला असता."

"तोंडपुजेपणा पुरे. पुढची नळी दे."

"तोंडपुजेपणा कसला? खरं तेच सांगतेय, वहिनी."

"इथे मॅडम."

"हो, मॅडम."

दोघी सख्ख्या जावा. घरी वहिनी, प्रयोगशाळेत मॅडम, हे थोरलीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. धाकटी दिवसातून दोनदा तरी विसरायची आणि लगेच जीभ चावायची. ती मुद्दाम विसरते, असं थोरलीला वाटे. मुद्दाम विसरत नसेल तर जास्तच राग येई.

थोरलीचं टेबल खिडकीपाशी होतं. गेली कित्येक वर्षं या भागातला प्रत्येक संशयित डास त्या टेबलावरून गेला होता. पंखावरचे ठिपके, सोंडेशेजारच्या मिशा, पायांवरचे पट्टे बघून ती जात सांगायची, आणि ती सांगेल ती जात असायची. मग यंत्र आलं, आणि यंत्र चालवायला धाकटी आली. यंत्राला ठिपके नको होते, पट्टे नको होते. डासाचा एक पाय पुरे. प्रत्येक जातीच्या पेशीत एक छोटासा ठरलेला तुकडा असतो आणि त्यातल्या अक्षरांची रांग जातीगणिक वेगळी असते. डब्यावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा वाचून दुकानदार बिस्किटं की साबण ते सांगतो, तसं यंत्र ती रांग वाचून जात सांगायचं. म्हणून त्याला बारकोड म्हणायचे.

"म्हणजे डास आता काउंटरवरून जाणार," मामा म्हणाले होते. "टुक्!"

मामा डास पकडून आणायचे. संध्याकाळी लोकांच्या घरांत आणि गोठ्यांत शिरायचं, भिंतीवर बसलेल्या डासावर काचेची नळी टेकवायची आणि तोंडाने हवा आत ओढायची, की डास नळीत. सगळे हसले होते. थोरलीही हसली होती. यंत्राला तिने 'सवत' असं नाव ठेवलं होतं आणि ते सगळ्यांना आवडलं होतं. धाकटीलासुद्धा. तीच उठताबसता म्हणायची, "सवत आज रुसलीय." चांगली ठेवणीतली चीड होती, ती या बाईने विनोद करून वाटून टाकली.

*

कालव्यापलीकडच्या वस्तीत ताप वाढला होता. साहेबांनी दोघींना बोलावलं.

"मामा वस्तीतून डास आणतील. मॅडम भिंगाखाली बघून जात लिहितील. त्याच डासांच्या पायांवरून यंत्र जात सांगेल. एकमेकींचं बघायचं नाही. घरातला डास निघाला तर वस्तीत घरोघर भिंतींवर फवारणी. सगळे गोठ्यातले निघाले तर तापाचं कारण दुसरीकडे शोधू."

"बरं," थोरली म्हणाली.

"आणखी एक." साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "तुमची दोघींची उत्तरं जुळली तर खिडकीपाशी तुमचं टेबल आहे तसं राहील. नाही जुळली, तर पुढच्या वर्षापासून डास सरळ यंत्राकडे. वरून विचारणा आहे. माझा नाइलाज आहे."

"आणि मी?"

"तुमचा अनुभव मोठा आहे. काहीतरी बघू."

काहीतरी बघू म्हणजे काय, ते थोरलीला ठाऊक होतं. स्टोअरमधली खुर्ची. तिथे आधी एक कारकून बसायचा आणि दुपारी सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "जुळेल हो. तुमचं कधी चुकलंय?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. निदान एखादी बारीक रेघ असायला हवी होती.

*

घरी.

थोरलीची मुलगी शाळेसाठी चित्र काढत होती. 'माझ्या घरातले शास्त्रज्ञ'. कागदावर यंत्र होतं, यंत्राला हिरवे-लाल दिवे होते, शेजारी काकू होती. काकूचे केस मोकळे होते.

"मी कुठेय?" थोरलीने विचारलं.

"तू अजून यायचीयस. जागा ठेवलीय ना." मुलीने कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर पेन्सिल टेकवली. "पण आई, भिंग कसं काढू? ते नुसतं नळासारखं दिसतं."

"नको काढू मग."

"असं काय बोलतेस?"

"काकूला विचार. तिला सगळं येतं."

धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला भिंग काढता येत नाही बाई. आईलाच विचार."

सासूबाई हसल्या. "बघ, किती निर्मळ आहे."

थोरली ताटं पुसत होती. पुसून झालेलं ताट तिने पुन्हा पुसलं. या बाईने एकदा तरी वाईट वागावं. फार नको. एक टोमणा मारावा, एखादी वस्तू लपवावी, सासूबाईंकडे एखादी चहाडी करावी. म्हणजे तिचा राग करायला हातात काहीतरी सापडलं असतं. तसं काहीच सापडत नव्हतं, म्हणून तो राग कुठेच ठेवता येत नव्हता.

*

डास आले. थोरलीने एकेक भिंगाखाली घेतला. गोठ्यातला. गोठ्यातला. गोठ्यातला. हात सरावाने चालत होता.

मग एका डासाशी ती थांबली.

गोठ्यातल्या डासाच्या पंखाच्या कडेला फिकट पट्टा असतो आणि तो एका जागी तुटतो; घरातल्याचा सलग असतो. या डासाचा पट्टा तुटला होता खरा. पण तो मुळात तुटलेला होता, की नळीत आपटून खवले झडले होते? तिने दिव्याची दिशा बदलली. डास दुसऱ्या कुशीवर केला. दिसलं तेवढंच दिसलं. पूर्वी अशा वेळी ती सरळ 'सांगता येत नाही' लिहायची आणि मामांना दुसरा डास आणायला सांगायची. मामा कुरकुरत जायचे. त्यात कमीपणा नव्हता. उलट साहेब म्हणायचे, मॅडमना नाही कळलं म्हणजे ते कुणालाच कळणार नाही.

आता कळणार होतं. धाकटीला.

तिने लिहिलं: गोठ्यातला.

असे आणखी तीन निघाले. तिने तेच लिहिलं.

पाय काढायचं काम तिचंच होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. धाकटी फोन घ्यायला बाहेर गेली होती. काचेपलीकडून तिचं बोलणं ऐकू येत होतं, "हो, हो, येताना आणते." थोरलीने पहिल्या संशयित डासाचा मागचा डावा पाय सोडवला. चिमट्याच्या टोकाला तो लोंबत राहिला, केसाहून बारीक.

यंत्राला माणसाची भारी ओढ आहे, असं धाकटीच एकदा म्हणाली होती. हातमोज्याशिवाय बोट लागलं, कुणी नळीवर शिंकलं, तर ते डास सोडून माणूसच वाचत बसतं.

सुईत दोरा ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओलं करतात, तसा थोरलीने तो पाय ओठांमधून ओढून घेतला. मग नळीत सोडला. टोपण लावलं.

ओठावर काहीच जाणवलं नाही. तिने ते चारदा केलं. नंतर तिने पाणी पिऊन चूळ भरली आणि आरशात न बघता तोंड पुसलं.

*

साहेबांच्या खोलीत चौघे होते. साहेब, थोरली, धाकटी आणि दाराशी मामा, कारण वस्तीतली माणसं त्यांनाच विचारत होती, काय निघालं म्हणून.

"जुळलंय," साहेब म्हणाले. "सगळं जुळलंय. गोठ्यातला, गोठ्यातला. फक्त या चार नळ्या. यंत्र काय म्हणतंय इथे?"

"माणूस," धाकटी म्हणाली.

"काय?"

"चार डासांच्या जागी माणूस वाचलाय यंत्राने."

साहेब मोठ्याने हसले. "म्हणजे स्थळं बघायला हरकत नाही. डास माणसात आला!" मग हसू ओसरलं. "एवढ्या किमतीचं यंत्र, आणि हे?"

थोरलीने टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. आतून काहीतरी हळूच वर येत होतं, ऊब घेऊन. किती दिवसांनी तिला धाकटीच्या बाजूला बघावंसं वाटलं. तिने पाहिलं. धाकटीची मान खाली होती आणि केसांतली पिन निसटली होती.

"कुणाचं काम हे?" साहेबांनी विचारलं. "मामा, तुम्ही तोंडाने ओढता ना डास?"

मामांचा चेहरा उतरला. "साहेब, नळीत जाळी असते. तोंडापर्यंत काही येत नाही. इतकी वर्षं ओढतोय."

"पूर्वी यंत्र नव्हतं. पूर्वी चालून जायचं. थुंकी गेली असेल."

"नाही हो साहेब. आईशप्पथ."

"त्या शपथा नकोत. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवू."

मामांनी थोरलीकडे पाहिलं. नळीतली जाळी दर महिन्याला थोरलीच बदलून द्यायची. मॅडम बोलतील, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. थोरलीने तोंड उघडलं. आतली ऊब अजून तिथेच होती, आणि ती सोडवत नव्हती. तिने मूग गिळले.

"मामांचं नाही," धाकटी म्हणाली. "माझा हातमोजा फाटला होता. उशिरा लक्षात आलं. चूक माझी आहे."

"तुमची?"

"हो. सांगायला हवं होतं."

साहेबांनी मान हलवली. "सुनबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ते तिला कधी सुनबाई म्हणत नसत. यंत्र आल्यापासून तर नाहीच.

*

बाहेरचा व्हरांडा. मामा पुढे गेले होते.

"तुझा मोजा फाटला नव्हता," थोरली म्हणाली.

धाकटी पिन नीट खोचत होती. पिन दातांत होती म्हणून तिला लगेच बोलता आलं नाही. मग ती काढून म्हणाली,

"तुमचाही नव्हता."

दोघी चालत राहिल्या. जिन्यापाशी थोरलीचा पाय अडखळला. धाकटीने हात पुढे केला नाही. थोरलीला वाटलं, हं, आता. आता बोलेल. आता घरी सांगेल, सासूबाईंच्या पुढ्यात, पोरीच्या पुढ्यात. एकदाचं.

"वहिनी," धाकटी म्हणाली, आणि या खेपेला तिने जीभ चावली नाही. "डासाला सहा पाय असतात."

"हे तू मला सांगणार?"

"मला काढता येत नाहीत म्हणून सांगतेय. उजवा मागचा काढून द्या. चारही डासांचा. वस्तीत लोक तापाने फणफणलेत."

थोरली खिडकीपाशी जाऊन बसली. हातमोजे चढवले. ते चारही डास काढले. धाकटी समोर स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून, आणि तिने एकदाही नजर हलवली नाही. ती पाळत ठेवतेय की हात शिकतेय, हे थोरलीला ठरवता आलं नाही. चिमटा सैल. हलका हिसका. चार नळ्या. टोपणं.

"झालं," थोरली म्हणाली.

"आभारी आहे, मॅडम."

ते आभार दिवसभर तिला टोचत राहिले.

*

चारांतले दोन गोठ्यातले निघाले. दोन घरातले.

साहेबांनी फवारणीच्या गाड्या सोडल्या. जाताना मामा गाडीतून ओरडले, "मॅडम, आता तरी लोक मला घरात घेतील!" वस्तीत एव्हाना आणखी तीन घरांत ताप पोचला होता. पहिल्याच वेळी पाय कोरडा गेला असता तर किती घरांत पोचला असता, याचा हिशेब कुणी मांडला नाही. थोरलीने मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला.

"दोन चुकले," साहेब तिला म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. "ठरल्याप्रमाणे..."

"ते दोन भिंगातून कुणालाच कळले नसते," धाकटी मध्येच म्हणाली. "खवले झडलेले होते. आणि साहेब, टेबल काढलं तर पाय कोण काढणार? मी? माझ्या हातात डास दिलात तर यंत्रात चटणी जाईल."

साहेब हसले. ती हसवायची तेव्हा माणसं हसायचीच. टेबल आणखी एक वर्ष राहिलं.

थोरली परत आली आणि खुर्चीत बसली. टेबल तेच, खिडकी तीच, भिंग तेच. सगळं तिचं होतं आणि सगळं कुणीतरी तिला दिलेलं होतं. साहेबांनी काढून घेतलं असतं तर तिला रडता तरी आलं असतं. दार लावून, मोठ्याने.

धाकटी दारात उभी होती.

"कामात आहात?"

"दिसत नाही का?"

"त्या दोघांतला एक दाखवाल? मला बघायचाय तो पट्टा."

"तुला काय करायचाय? तुझ्या सवतीने वाचला ना."

"तिने वाचला. मी नाही बघितला."

 थोरली उठली. डास भिंगाखाली ठेवला, दिवा तिरका केला, आणि स्वतःच्या डोळ्याला बसेल असं भिंग खालीवर करून पट्टा स्पष्ट केला. घरातला. आता माहीत असल्यावर तो दिसत होता, अगदी बारीक, जिथे तुटल्यासारखा वाटला होता तिथेही सलग. स्वतःवरच संताप यावा इतका सलग.

"बस."

धाकटी बसली. केस मागे घेतले, चष्मा काढला, डोळा टेकवला. भिंगाचा स्क्रू तिने फिरवला नाही. दोघींच्या डोळ्यांत फरक होता, धाकटीला चष्मा होता; स्क्रू न फिरवता तिला तिथे करड्या धुक्याखेरीज काही दिसणं शक्य नव्हतं. थोरली वाट बघत राहिली. धाकटीचा हात टेबलावरून स्क्रूच्या दिशेने गेला, भलत्याच स्क्रूपाशी घुटमळला आणि परत मांडीवर आला.

"दिसला?" थोरलीने विचारलं.

"दिसला," धाकटी म्हणाली. जरा लवकरच.

"कुठे तुटलाय?"

 धाकटीचा डोळा भिंगालाच टेकलेला होता. मानेची एक शीर ताठ झाली होती.

थोरलीने हात पुढे केला, आणि स्क्रूपर्यंत पोचण्याआधी थांबवला. तिला बरं वाटलं. किती दिवसांनी, अगदी साधं, बरं वाटलं. ते वाटणं तिने घाईने झाकलं नाही. हात तसाच, हवेत, धाकटीच्या हातापासून वीतभर अंतरावर राहिला.

*

यंत्र यायच्या आदल्या वर्षी, सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी थोरली रजेवर असताना, खिडकीपाशी दुसऱ्या टेबलाची जागा निघाली होती. धाकटी घरी कुणालाही न सांगता त्या जागेच्या परीक्षेला बसली, आणि समोर ठेवलेल्या डासांपैकी तिला एकही ओळखता आला नाही.